रखमाजी अस्वलाचं हळू गाणं

एका जंगलात, मुलांनो, एक रॉक बँड होता. जंगलात रॉक बँड कुठून आला, असं विचारू नका. जंगलात निवडणुका आल्या, सत्कार समारंभ आले, तसाच तोही आला.

बँडचं नाव होतं 'दणका'. रखमाजी नावाचं अस्वल गायचं. गेनबा नावाचं रानडुक्कर ड्रम बडवायचं. आणि मागे, करवंदीच्या जाळीला टेकून, निवृत्ती नावाचं खवले मांजर बेस गिटार वाजवायचं. निवृत्ती मुळात कमी बोलणारा. तो आहे हे लोकांना पोस्टरवरून कळायचं.

त्या जंगलात गाणं जोखायची एक रीत होती. मैदानाच्या कडेला मोठा वड होता. गाणं सुरू झालं की वडावरची पाखरं उडायची. जितकी जास्त पाखरं उडतील तितकं गाणं थोर. अख्खा वड रिकामा झाला तर गाणं अजरामर. पाखरांना काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे उडायचं काम होतं आणि ती ते चोख करायची.

'दणका'नं बारा वर्षं वड रिकामा केला.

मग एकदा पोळं काढताना रखमाजीच्या घशाला माशा डसल्या. घसा टम्म सुजला. आठवडाभर त्याला पुटपुटतच सराव करावा लागला. गेनबा मनानं चांगला. त्यानं काठ्या बाजूला ठेवल्या आणि ड्रमवर गवताची पेंढी फिरवू लागला.

तेव्हा रखमाजीला मागून काहीतरी ऐकू आलं. खोल, सावकाश, गाण्याच्या खालून वाहणारं. त्यानं वळून पाहिलं. निवृत्ती वाजवत होता.

"हे तू कधीपासून वाजवतोस रे?"

"बारा वर्षं झाली," निवृत्ती म्हणाला.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच रखमाजीला फार लाज वाटली.

घसा बरा झाला, पण रखमाजी पुन्हा ओरडला नाही. त्यानं निवृत्तीच्या सुरावर एक हळू गाणं रचलं. आपल्याला जे ऐकू आलं ते एकदा साऱ्या जंगलाला ऐकू यावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा साधी होती. साध्या इच्छांचं पुढे काय होतं, ते मोठे झालात की कळेल.

पहिल्या कार्यक्रमात एकही पाखरू उडालं नाही. उलट दोन बुलबुल खालच्या फांदीवर येऊन बसले. जंगलानं इतकं पडेल गाणं कधी पाहिलं नव्हतं. माकडं अर्ध्यातून उठून गेली.

जंगलात धनेशपंत नावाचे समीक्षक होते. त्यांची चोच मोठी, चोचीवर आणखी एक टेंगूळ, त्यामुळे ते जे बोलत ते भारदस्तच वाटे. त्यांनी जाहीर केलं की 'दणका' म्हातारा झाला. हे गाणं नव्हे, पिल्लं झोपवायचा पाळणा आहे. कोवळी पिल्लं असलेल्या दोन हरिणींनी हे ऐकून गाणं पुन्हा ऐकायची इच्छा दाखवली, पण हरिणींना संगीतातलं काय कळतं, असं ठरलं.

कार्यक्रम मिळेनासे झाले. गेनबाच्या घरी नऊ पिल्लं होती. रखमाजीनं दोन महिने तग धरला आणि मग तो पुन्हा ओरडू लागला. पाखरं पुन्हा उडू लागली. निवृत्ती यायचा थांबला. हे रखमाजीच्या लक्षात आलं, पण तीन कार्यक्रम झाल्यावर.

तो निवृत्तीच्या बिळाशी गेला. राग नाही, निवृत्ती म्हणाला, सध्या वारुळांचा हंगाम आहे इतकंच. तो हंगाम पुढे बरीच वर्षं टिकला.

इकडे धनेशपंतांची पंचाईत झाली. नावाजलेल्या सगळ्यांवर त्यांचं बोलून झालं होतं. आता कुणीतरी उपेक्षित हवं होतं. शोधता शोधता त्यांना ते हळू गाणं आठवलं. त्यांनी एक मोठं व्याख्यान दिलं. न उडालेली पाखरं हीच त्या गाण्याची खरी दाद होती, असं ते म्हणाले. जंगलानं एका थोर वळणावर अन्याय केला, असंही म्हणाले. पाळणा कुणी म्हटलं होतं, ते म्हणाले नाहीत.

आठवड्याभरात असं निघालं की ते गाणं सगळ्यांना पहिल्यापासूनच आवडत होतं. माकडं भावना अनावर झाल्यामुळे उठून गेली होती. कोल्हा तर पहिल्या कार्यक्रमात रडला होता. तो तेव्हा या जंगलात राहतही नव्हता, पण रडला होता.

रखमाजी यावर हसला नाही. त्याला खरंच आनंद झाला. तो धावत निवृत्तीकडे गेला. "चल गड्या. आता ऐकतील. तुझं ऐकतील."

निवृत्तीनं गिटारवरची माती पुसली. "एकदाच," तो म्हणाला.

कार्यक्रमाला मुंगी शिरायला जागा नव्हती. रखमाजीनं डोळे मिटून हलकेच पहिली ओळ घेतली. आपलं या गाण्यावर किती जुनं प्रेम आहे हे दाखवायला सगळं जंगल ती ओळ त्याच्याबरोबर गाऊ लागलं. हत्तींनी पायांनी ठेका धरला. शेजारच्याच्या आधी आपली वाहवा पोचावी म्हणून जो तो ओरडू लागला. वडावरची पाखरं उडाली ती दोन डोंगर ओलांडून गेली. रखमाजीला स्वतःचा आवाज ऐकू येईना. त्यानं मागे वळून पाहिलं. निवृत्ती मान खाली घालून बसला होता, नखं तारांवर होती.

गाणं संपल्यावर धनेशपंत डोळे पुसत पुढे आले. आज निवृत्तीचा बेस थेट काळजाला भिडला, असं त्यांनी जाहीर केलं. असा तो पूर्वी कधी वाजलाच नव्हता, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

रखमाजीनं निवृत्तीला बाजूला घेतलं. "गर्दीत मला काही ऐकू आलं नाही गड्या. कसं झालं तुझं?"

"मी दुसऱ्या ओळीलाच थांबलो," निवृत्ती म्हणाला. "वाटलं, तुला तरी कळेल."

तात्पर्य: मुलांनो, चांगल्या कलेची कदर उशिरा का होईना, होतेच. तेव्हा शहाण्या रसिकानं ऐकायची घाई करू नये. वेळ आली की सगळ्यांत मोठ्यानं वाहवा करावी.