राजमान्य धूळ

मानसा म्हणजे राजा. त्याच्यापुढे जाणाऱ्याने गुडघे टेकून डोक्यावर मूठभर धूळ घालून घ्यायची, ही त्या राज्यातली जुनी रीत. नवे मानसा सुधारणावादी निघाले. सरदार नदीकाठची मऊ पांढरी रेती घेऊन येतात आणि गरीब शेणामातीची ढेकळं डोक्यात घालतात, हा भेदभाव त्यांना पाहवेना. रीतच बंद करावी, असं कुणाला सुचलं नाही. सर्वांना एकाच प्रतीची, चाळलेली, राजमान्य धूळ फुकट मिळेल, असा हुकूम निघाला.

तशी माती सापडली नेमकी सोगोनाच्या शेतात. बाजरी घोट्याएवढी आली होती. ती उपटून चाकरांनी खणायला सुरुवात केली. सोगोना विधवा, लेकरं त्याच बाजरीवर जगायची. ती तडक दरबारी आली.

धूळ-अधिकाऱ्याने तिला दारातच अडवलं. "मावशी, धूळ संपलीय. थांबा जरा."

सोगोनाने मुठीतली माती दाखवली. "ही चालेल की. माझ्याच शेतातली आहे, तुमच्या खड्ड्याच्या काठावरची."

"चाळलीय का? बेकायदा धूळ घालून मानसांपुढं जाणार? फुकट झाल्यापासून गर्दी ही एवढी. तुमच्यासाठी म्हणून आणखी खणायला माणसं पाठवलीत."

"कुठं?"

"तुमच्याच शेतात. अशी माती दुसरीकडं आहे कुठं?"

उन्हं कलता कलता धूळ आली. सोगोनाने ती डोक्यावर घातली. केसांत बाजरीची एक मुळी अडकली.

मानसा प्रजेचं थेट ऐकत नसत. दरबारी भाट तुमानीच्या कानात सांगायचं, त्याने खड्या आवाजात ऐकवायचं.

"मामा, माझं शेत गेलं, लेकरांच्या तोंडचा घास गेला," सोगोना कुजबुजली. "खणणं थांबवा म्हणावं त्यांना."

तुमानीलाही पोट होतं. तो वळून म्हणाला, "मानसा, बाई म्हणते, माझं शेत अख्ख्या राज्याने डोक्यावर घेतलं, याहून मोठा मान नाही."

मानसांचे डोळे भरून आले. उरलेलं शेतही त्यांनी तिथल्या तिथे स्वीकारलं.

"मी असं कुठं म्हटलं, मेल्या?" सोगोना किंचाळली.

"तक्रार असेल तर परत या, मावशी," धूळ-अधिकारी अदबीने म्हणाला. "धूळ आमच्याकडची."

रांगेतले लोक पोट धरून हसले. आपली माती काही इतकी चांगली नाही, याची प्रत्येकाला खात्री होती. तुम्हीही हसला असाल, तर तुमचीही तशीच खात्री असणार.