जावईबापूंचा ब्रश

कोनाड्यात ब्रश नव्हता. उत्तमरावांनी पिशवी उपसली, अंथरूण झाडलं, तांब्यातही डोकावून पाहिलं. दंतमंजनाची डबी तेवढी जागच्या जागी होती. हिंगोलीच्या कचेरीत कारकून असलेले उत्तमराव परवाच धोंड्याच्या जेवणासाठी सासरी, पुसेगावला आले होते. सन एकोणचाळीस. अख्ख्या गावात दात घासायचा ब्रश तो एकच, आणि तोच गायब!

"मामी, कोनाड्यातला माझा ब्रश पाहिला का?"

सासूबाई, द्वारकाबाई, देवघरातून हसतच बाहेर आल्या. एका हातात चिंचेची वाटी, दुसऱ्या हातात कोळ लागलेला ब्रश. "पाहिला म्हंजे? देवासाठीच आणला न्हवं तुमी? खंडोबाच्या घोड्याच्या पायातला मळ निघाला बघा! बारा वर्सं निघत नव्हता."

"अहो मामी, तो दात घासायचा आहे!"

"कुनाचे दात?"

"माझे! तीन महिने झाले!"

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. देवांना जावयाचं उष्टं! आरडाओरडा ऐकून सासरे उकंडराव ओसरीवरून आत आले. काळ्याभोर मिशांना पीळ देत त्यांनी ब्रशकडे पाहिलं.

"जावईबापू, गावातले निंब वाळले का? काडी सोडून हे खराटं काहून तोंडात घालून राहिले?"

"मामा, शहरात सगळे..."

तेवढ्यात शेजारचे तातेराव आले. जेवण दुपारी असलं तरी ते सकाळीच येत. त्यांनी ब्रशवरून अंगठा फिरवला, वास घेतला. "औरंगाबादच्या छावणीत असले लई पाहिले म्या. हे केस डुकराचे हायेत."

द्वारकाबाईंच्या हातून चिंचेची वाटी पडली. "देव बाटले! आता निवद कशाचा आन जेवण कशाचं?" त्यांनी पुरणाचं पातेलं चुलीवरून खाली उतरवलं.

"धुऊन घ्या ना देव!" उत्तमराव कळवळून म्हणाले. कुणी ऐकलंच नाही. दुपारपर्यंत तीस पाहुणे अंगणात जमले, आणि पुरणाच्या वासानं व्याकूळ होऊन जावयाकडे रागानं पाहू लागले. शेवटी जोशीबुवांना बोलावलं.

"देवांना पंचगव्य," बुवा म्हणाले. "ज्याच्या हाताला लागलं त्यानं अंघोळ करावी, तोंडात गेलं त्यानं गोमूत्र घ्यावं. झालं."

"एवढंच?" उकंडराव कडाडले. "असं वरवरचं नको. पक्कं सांगा!"

बुवांनाही भूक लागली होती, पण यजमानाचं मन मोडवेना. "मग केसांना लागलं असेल तर तेवढे केस उतरवावेत."

"दात घासताना मिशीला लागतंच की! बोलवा लखमाला."

"मामा, माझे वडील जिवंत आहेत!" उत्तमराव ओरडले. "बिनमिशीचा घरी गेलो तर आई दारातच हंबरडा फोडेल! एका ब्रशसाठी काय काय सोसायचं माणसानं?"

पण लखमा न्हावी आला, पाट मांडला गेला आणि उत्तमरावांना त्यावर बसवलं. वस्तऱ्याला धार लावता लावता लखमानं कोपऱ्यात पडलेला ब्रश निरखला.

"मालक, केसांच्या बुडाशी हे काळं काय हाय? केस काळे करायचा खिजाब वाटून राहिला."

सगळ्यांनी उत्तमरावांच्या मिशीकडे पाहिलं. ती भुरी होती. मग एकेक मान हळूहळू उकंडरावांकडे वळली.

"मामा," उत्तमराव पाटावरून उठले, "म्हणून काल मला मंजन कडू लागलं होय!"

"मला वाटलं, खिजाबाचाच कुंचला आणला तुमी..." उकंडराव पुटपुटले.

"आन मला सांगितलं, औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक केला म्हनून केस काळे होऊन राहिले!" द्वारकाबाई म्हणाल्या.

उकंडराव बुवांजवळ सरकले. "बुवा, केसांचं ते... नुसतं पुसून घेतलं तर?"

बुवा उत्तर देणार, तोच द्वारकाबाईंनी जावयासाठी मांडलेला पाट उचलला आणि नवऱ्यापुढं आणून ठेवला.

तिसऱ्या प्रहरी पंगत बसली. उत्तमराव मिशीसकट जेवायला बसले, पण गोमूत्रामुळे पुरणाची चव काही लागेना. उकंडराव उपरण्यानं ओठ झाकून तूप वाढत होते. वाढता वाढता उपरणं घसरलं. सेनगावहून आलेल्या म्हाताऱ्या शकुबाईंनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "हे थोरले जावई का गं?"

उकंडरावांनी उपरणं पुन्हा वर घेतलं नाही. शकुबाईंच्या पानात मात्र तुपाची धार थांबेचना.