अंजनाबाईंच्या विसाव्याची प्रार्थना

नाताळ तोंडावर आला होता आणि अंजनाबाई लोंढे उभ्या उभ्या झोपायच्या बेतात होत्या. करंज्या निम्म्याच तळून झाल्या होत्या, चकल्यांना अजून सुरुवात नव्हती आणि संडे स्कूलच्या नाटकातल्या मेंढरांच्या शेपट्या शिवायच्या राहिल्या होत्या. हे काम त्यांच्याकडे कसं आलं? "शेपट्या कोण करील?" असं चर्चमध्ये विचारलं, तेव्हा बाकीचे सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते, म्हणून.

त्यांना फार काही नको होतं हो! एकदा तासभर खुर्चीत बसायचं, कुणी हाक मारायची नाही, आणि ज्याच्या जन्माचा हा सगळा खटाटोप, त्याची जरा निवांत आठवण काढायची. नवरा जयराज फौजेतून रिटायर झालेला. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग बस की! ऑर्डर पायजे व्हय तुला? फकस्त आधी च्या टाक."

म्हणून रविवारी उपासनेच्या आधी, सांगलीतल्या त्यांच्या लहानशा चर्चच्या दारातच त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, लय दमलीय ओ मी. जरा विसावा मिळू दे म्हणून प्रार्थना करा. तुमच्यापुरतीच हं."

पाळकसाहेब मनानं सोनं. पण आवाज असा की लाऊडस्पीकरवाल्याच्या पोटावर पाय यावा. सूचनांच्या वेळी ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपली भगिनी अंजनाबाई फार थकली आहे. तिला विसावा मिळावा म्हणून आज पाच वाजता तिच्याच घरी प्रार्थना ठेवू. सर्वांनी यावं."

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. अंजनाबाईंचं तोंड उघडंच राहिलं, तेही लोकांना आमेनच वाटलं.

आता घरी प्रार्थना म्हटली की सतरंज्या आल्या, खुर्च्या आल्या, घर झाडून-पुसून घेणं आलं. आणि नुसत्या चहावर लोकांची बोळवण केली, तर त्या घराची चर्चा पुढच्या ईस्टरपर्यंत पुरते. दुपारी महिला मंडळाच्या क्रांतीताईंचा फोन आला. "अंजना, तू कायसुदीक करू नगंस. तुझ्याच विसाव्यासाठी येतोय आमी. नुसतं पोहं कर. आन् पाळकसाहेबांना करंजी लय आवडती, तेवढी असू दे."

जयराज शेजारच्या चंदनबालाकाकूंकडे खुर्च्या मागायला गेला. "कशाला रं?" काकूंनी विचारलं. "हिच्यासाठी प्रार्थना हाय घरात," एवढंच बोलून तो खुर्च्या घेऊन आला. फौजेत जास्त बोलायची सवय नसते. काकूंनी मात्र जे समजायचं ते समजून घेतलं आणि शहाळं घेऊन धावतच आल्या. बघतात तर स्वयंपाकघरात अंजनाबाई, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रडू नगंस गं बाई! कर्म कुणाला चुकलंय? डॉक्टर काय म्हणाला?"

"आवं काकू, डॉक्टर कुठला! कांदा चिरतीय."

काकूंचा जीव भांड्यात पडला. मग त्याही प्रार्थनेला थांबते म्हणाल्या. पण त्या जैन. कांदा चालत नाही, आणि दिवस मावळल्यावर खाणंही नाही. झालं! त्यांच्यासाठी बिनकांद्याचे पोहे वेगळे, तेही आधी.

पाचाला घर भरलं. जो येई तो अंजनाबाईंचा हात धरून "विसावा घ्या हं ताई," म्हणे आणि पाणी मागे. शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बळेच मधल्या खुर्चीत बसवलं. "डोळे मिटू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांची प्रार्थना अंजनाबाईंपासून निघाली, ती चर्चच्या गळक्या कौलांवरून जिल्ह्यात, राज्यात आणि मग सरहद्दीवर जयराजच्या जुन्या पलटणीपर्यंत पोचली. आधी अंजनाबाईंचा जीव गॅसवरच्या दुधात होता. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आत्ता आपल्याला कुणीसुद्धा हाक मारणार नाही. प्रार्थनेत कोण कुणाला उठवतंय? त्यांनी अंग सैल सोडलं. 'प्रभू, मी हाय इथं,' त्या मनात म्हणाल्या. पुढं मागायचं काही सुचलंच नाही. किती दिवसांनी इतकं बरं वाटत होतं!

"आमेन," सगळे म्हणाले. अंजनाबाई हलल्या नाहीत.

"गेली गं माझी बाय!" चंदनबालाकाकूंनी हंबरडा फोडला. जयराजनं धावत येऊन नाकापाशी हात धरला. तेवढ्यात बाईंनी बारीकसं घोरून सगळ्यांची शंका फेडली.

पाळकसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग काय, चवड्यांवर चालत माणसं कामाला लागली. कुणी दूध उतरवलं, क्रांतीताईंनी पोहे वाढले, दोघीजणी करंज्या लाटायला बसल्या. शेपट्या काकूंनी शिवायला घेतल्या. मेंढरं असोत नाहीतर माणसं, ही जीवदयाच, म्हणाल्या.

अंजनाबाईंना जाग आली ती तळणाच्या वासानं. कढई कुणा दुसरीच्या हातात होती. त्या डोळे उघडणार, एवढ्यात पाळकसाहेब हळू आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "बघा, देवानं लगेच ऐकलं! आता आभाराची प्रार्थना ठेवायलाच पाहिजे."

"ठेवू की," क्रांतीताई म्हणाल्या. "उद्याच. हितंच, अंजनाकडं. आन् आभाराची म्हणल्यावर जेवण तर पायजेच."

"विचारतो तिला," जयराज म्हणाला. "जागी झाली वाटतं. अंजना, ए अंजना!"

अंजनाबाईंनी हात घट्ट जोडले आणि मान आणखी खाली घातली.

"प्रार्थनेत हाय मी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "आमेन झालं की सांगते. तवर च्या तुमी टाका."