पावणेचार तोळे आडेला

सन १९५७ च्या मार्च महिन्यात अहेरीच्या दवाखान्यातले कंपाउंडर गुणवंतराव हे एका परदेशी बाईला घेऊन चांद्याहून मोटारीनं परत येत होते. बाई गोल होती, काळी होती आणि कागदी पाकिटात होती.

तिचं नाव आडेला व्हिताल. लिस्बनची गाणारी. जंगल खात्याच्या साहेबांकडे बॅटरीवर चालणारं तीन वेगांचं ग्रामोफोन यंत्र होतं आणि साहेबांना गुडघेदुखीही होती. दर रविवारी मलम चोळायला गेलेल्या गुणवंतरावांनी तिथं आडेलाचं एक गाणं ऐकलं. एक शब्द कळला नाही, पण मलम संपेपर्यंत ते चोळत राहिले. त्यानंतर बायकोचा भाऊ लटारू, जो मुंबईच्या गोदीत होता, खलाशांकडून आडेलाच्या तबकड्या मिळवून पाठवू लागला. या नव्या तऱ्हेच्या छोट्या, न फुटणाऱ्या तबकड्या होत्या. दर बाजूला एकच गाणं, आणि मधोमध रुपयाहून मोठं भोक. अशा अकरा झाल्या. बारावी दुर्मीळ होती. तिच्या तीनशेच प्रती निघाल्या आणि मग आडेलानं गाणं सोडलं. आधीच्या अकरा टपालानं सुखरूप आल्या होत्या. ही हरवू नये म्हणून गुणवंतराव स्वतः चांद्याला जाऊन, मुंबईहून तिथं आलेल्या लटारूच्या हातून घेऊन आले. ही काळजीच त्यांना नडली.

वाटेत जंगल खात्याचा नाका लागला. नथ्थू नाकेदारानं पिशवी उघडली आणि पाकीट कारकुनापुढे ठेवलं. कारकुनाचं नाव दादाजी.

"हे काय होय?"

"रेकॉर्ड होय जी."

"कोनत्या कचेरीचं?"

कचेरीचं नाही, गाण्याचं, हे समजावण्यात थोडा वेळ गेला. मग दादाजींना आठवलं की गाण्याची रेकॉर्ड लाखेची असते आणि लाख हा वनोपज आहे. वनोपजाला वाहतूक पास लागतो. पास कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. ही नव्या मसाल्याची आहे, लाखेची नाही, असं गुणवंतरावांनी सांगितलं. दादाजींनी पासाचा छापील नमुना उघडून दाखवला. त्यात साग, बांबू, डिंक, मोह आणि लाख एवढेच रकाने होते. नव्या मसाल्याला रकाना नव्हता.

मग वनोपज नसेल तर सोडून द्यावी, असं गुणवंतराव म्हणाले. दादाजींनी खेदानं मान हलवली. वनोपज नसेल तर जप्त करता येणार नाही हे त्यांना मान्य होतं, पण जप्तीचा अनुक्रमांक पडून गेला होता. पंचनाम्यात 'मधला भाग अज्ञात इसमाने तोडून नेलेला आढळला' असंही त्यांनी लिहून टाकलं.

मार्ग एकच होता. तबकडीला चिमणीवर धरायचं. वितळली तर लाख, न वितळली तर परत. पण नवा मसालाही ज्योतीवर टिकणारा नव्हता. गुणवंतरावांनी ज्योतीकडे पाहिलं, पाकिटावरच्या आडेलाकडे पाहिलं, आणि कागद मागून घेऊन लिहून दिलं की सदरहू वस्तू शुद्ध लाख असून चाचणीची आवश्यकता नाही. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं हे पहिलं खोटं. सहीचं अक्षर मात्र चांगलं आलं.

मग सगळं नियमानं झालं. बिनपासाची लाख म्हणून आडेला डेपोत गेली आणि सागाच्या दोन ओंडक्यांमध्ये राहिली. वजन पावणेचार तोळे. पुढं तिचा लिलाव ठरला. लिलावात फक्त नोंदलेल्या लाख ठेकेदारांनाच बोली लावता येत होती.

गुणवंतरावांनी ठेकेदारीसाठी अर्ज केला. अर्जदाराकडे लाखेचं झाड असावं, अशी अट निघाली. दवाखान्यामागं पळस होता, पण त्यावर लाख नव्हती. तेव्हा त्यांनी आठवडी बाजारातून लाख आणली आणि पाहणीच्या आदल्या दिवशी फांद्यांना सुतळीनं बांधली. बायको वच्छला खाली शिडी धरून उभी होती.

"त्या बाईसाठी चढले न तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग वरच्या फांदीलेही बांधा. तिकडून दिसून राह्यली नाई."

पाहणी करणाऱ्यांना सुतळी दिसली. 'लागवडीची सुधारित पद्धत' असा शेरा देऊन त्यांनी परवाना मंजूर केला.

लिलावाला गुणवंतराव एकटेच होते. आडेला त्यांची झाली. मात्र डेपोतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगावर सरकारी हातोड्याची निशाणी लागते. हातोडा ओंडक्यांसाठी केलेला होता. तो नथ्थूच्या हातात होता.

"भाऊ, मी हळूच मारतो," नथ्थू म्हणाला. त्यानं खरंच हळू मारला. तबकडी फुटली नाही, कडेपासून दोन बोटं आत खात्याची खूण मात्र ठसठशीत उमटली.

"लाखेची असती तं फुटली असती," नथ्थू पुटपुटला.

दादाजींनी त्याला समजावलं की लाख असल्याचं आता मालकाच्याच सहीनं नोंदलेलं आहे.

माल तपासून मिळाल्याची पावती हवी होती, म्हणून रविवारी तिघंही साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब दौऱ्यावर होते. गुणवंतरावांनी सुई ठेवली. चार महिन्यांनी आडेला गाऊ लागली, आणि त्यांचे डोळे भरून आले. निशाणीपाशी सुई अडली. एकच ओळ पुन्हा आली. पुन्हा आली. दादाजी पावतीवर लेखणी टेकवून थांबले होते. बाई एकसारखं काय म्हणते ते त्यांना लिहायचं होतं.

लटारूनं एका खलाशाकडून गाण्याचा अर्थ लिहून घेऊन पाठवला होता. गुणवंतरावांनी ते पत्र काढलं आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून वाचलं, "मले जाऊ द्या, म्हनते."

नथ्थू गंभीर झाला. "पास हाय का तिच्यापाशी?"

गुणवंतरावांनी खिशातून लाख ठेकेदारीचा परवाना काढून पुढे धरला. दादाजींनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि बाईंना जाण्यास हरकत नसल्याचं लिहून दिलं. आडेला मात्र तीच ओळ म्हणत राहिली.

ही हकीकत रचलेली आहे, अशी वाचकांना शंका येणं साहजिक आहे. तशांनी साध्या कागदावर अर्ज करावा, याच हकीकतीची शिक्का मारलेली नक्कल घरपोच येईल. ती हातात पडली की शंका राहणार नाही, असा आजवरच्या सर्व अर्जदारांचा अनुभव आहे.