काचेपलीकडचे पाव्हणे

पाव्हण्यांनी वाटेतलं खरांगणा गाव सोडल्याचा फोन आला, तसं धनंजयरावांनी बैठकीतल्या खिडकीची काच पुन्हा एकदा पुसली. आर्वीच्या एसटी डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बसथांब्यासमोरच त्यांचं घर. बस आली नाही की लोक खुशाल त्यांच्या बैठकीत डोकावत बसायचे. त्या नजरांना त्यांची मुलगी अपेक्षा इतकी वैतागली, की शेवटी त्यांनी काचेवर आरशाची फिल्म लावून घेतली. आता बाहेरच्याला स्वतःचंच तोंड दिसायचं, आतून मात्र रस्ता लख्ख. त्यांच्या पत्नी सरिताबाईंनी पडदेही काढून टाकले.

"या बारीले तरी नाई म्हणू नको वो माय," सरिताबाई लेकीला म्हणाल्या. "पोरगा वर्ध्याले नोकरीवर हाये, घरचे लोक सादे हायेत."

"मंग मी काय करू? मले कोनी टकमक पाह्यलं का हातपाय कापतेत," अपेक्षा म्हणाली.

तेवढ्यात दारापुढे गाडी थांबली. मुलगा, भूपेंद्र, एकटाच पुढे आला आणि बेल दाबायच्या ऐवजी खिडकीसमोर उभा राहिला.

आत तिघंही थिजली. भूपेंद्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने कंगवा काढून मोजके केस डावीकडून उजवीकडे नेले. ते परत आले. त्याने पुन्हा नेले. मग तो दात दाखवून हसला. नंतर जरा कमी दात दाखवून हसला.

"आवाज देऊ का?" धनंजयराव कुजबुजले.

"गप राहा! उकाड्यापायी फट ठेवली हाये, आयकू जाईन त्याले," सरिताबाईंनी दटावलं.

त्याच फटीतून भूपेंद्रचा आवाज आत आला. तो आरशाशी बोलत होता. "नमस्कार, मी भूपेंद्र. अबे, भेतं काऊन? थे का तुले खाते? केसं जाऊन राह्यले, थे सांगून टाकजो. लपवू नको. सैपाक येते, थे बी सांगजो. पन आईसमोर नको."

अपेक्षाने तोंडावर ओढणी दाबली.

बेल वाजली आणि धनंजयरावांना एकदम कळलं. "अवो, थ्यो आत आला का त्याले समजन न सारं! चादर आण!"

दार उघडेपर्यंत पडद्याच्या दांडीवर चादर लटकली होती. भूपेंद्रसोबत त्याची आई मोहिनीबाई आत येऊन बसल्या. वडील, बापूराव, गाडी सावलीत लावायला गेले होते. अपेक्षा पोह्यांचा ट्रे घेऊन आली.

"खिडकी काऊन झाकली?" मोहिनीबाईंनी पदराने वारा घेत विचारलं.

"ऊन... ऊन लय येते," धनंजयराव म्हणाले.

"ऊन त मांगच्या अंगाले हाये!" असं म्हणत त्यांनी उठून स्वतःच चादर ओढली.

काचेपलीकडे बापूराव उभे होते. त्यांनी आ केला, कवळी काढली, उजेडात धरून पाहिली आणि गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसायला लागले.

"अवो माय, हे काय करून राह्यले!" मोहिनीबाई ओरडल्या.

भूपेंद्रने वडिलांकडे पाहिलं, मग काचेकडे. त्याचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे मघाशी मी..."

"हो," अपेक्षा म्हणाली.

"सारं आयकू आलं?"

"सैपाकाचं बी."

"कोनता सैपाक?" मोहिनीबाई म्हणाल्या.

भूपेंद्र ताडकन उठला. "चाल आई, जाऊ."

"थांबा. बसा तुमी," अपेक्षा म्हणाली. पोह्यांचा ट्रे तिथेच ठेवून ती बाहेर गेली. "काकाजी, जरासे सरका," असं म्हणून ती खिडकीपुढे उभी राहिली. समोर फक्त तिचाच चेहरा होता. कोणाचीच नजर दिसत नव्हती. तिचे हात कापत नव्हते.

"नमस्कार, मी अपेक्षा," ती काचेला म्हणाली. "पोहे आईनं केले. मले चहा येते, थ्योबी कधीमधीच जमते. पाव्हणे येतो म्हटलं का माह्या पोटात गोळा येते. केसाचं मले काईच नाई. पन खरं बोलनारा माणूस पाह्यजे होता."

बापूराव बाजूला चक्रावून उभे होते. "बेटा, कोनासंग बोलून राह्यली तू?"

ती काही सांगणार, तोच फटीतून आवाज आला, "चहा मी करत जाईन."

बापूराव दचकले. त्यांनी आरशाकडे पाहिलं, मग हातातल्या कवळीकडे पाहिलं. आणि कोणी पाहिलं नसेलच अशा आशेने ती हळूच पाठीमागे नेली.