नल्लकुंट्याची पाणीबंदी

श्री. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, हैदराबाद शहरी, नल्लकुंटा मुक्कामी, तिसरे मजल्याचे गॅलरीत पाण्याशी जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत, पदरचे काही न घालता, लिहिली जाते.

राजश्री मुकुंदराव, निवृत्त हेडक्लार्क, झाडांचे मोठे शौकीन. त्यांणी अंबरपेठेहून सक्युलंट नामे, कोरफडीसारखी मांसल पानांची अकरा रोपे आणून गॅलरीत तैनात केली. जात बहुत चिवट, पंधरा दिवसां एक पेला पाणी मिळे तरी खुशाल. तों त्यांची वडील बहीण, तीर्थस्वरूप इंदुताई, परभणीहून मुक्कामास आल्या. बाई दुष्काळ पाहिलेल्या, लहानपणी घागर घेऊन कोसभर चाललेल्या, कोरडी माती दिसतांच त्यांचा जीव तुटे. मग सकाळी तांब्या आणि सायंकाळी तांब्या ऐसा दयेचा मारा सुरू जाहला, आणि मुळे सडून सात शिलेदार गारद जाहले. रावांस कळोन चुकले की गनीम घरातच आहे. परंतु जिणे आपणांस कडेवर खेळविले, तीस नाही कैसे म्हणावे? मग त्यांणी पाणीबंदीचे फर्मान कागदी लिहून गॅलरीचे दारी डकविले, आणि ताईंणी ते वाचून, चौघडी करून, ओल टिपावयास कुंडीखाली सारिले.

तेव्हां निरुपाय होऊन राव ताईंस रिक्षात घालून, आठवे मरणोन्मुख रोप मांडीवर घेऊन, अंबरपेठेस भाग्यलक्ष्मी नर्सरीवालीचे दरबारी दाखल जाहले. तिणे सडके मूळ छाटिले आणि एक पान मोडून ताईंचे तळहाती पिळिले. पाणी ओघळले.

"अम्मा, पानी नक्को डालो. इसके पेट में हय."

ताईंणी तो ओला तळहात रावांपुढे धरिला.

"मुकुंदा," त्या हळूच बोलिल्या, "ह्याच्या पोटातच रांजण हाय की. अन् म्या येडी त्याला तहानेलं समजत होते."

ते दिवसापासून मुलूख फिरला. गॅलरीची सरदारी ताईंणी खासा हाती घेतली, आणि हुकूम सुटले की ओले कपडे गॅलरीत वाळवू नयेत, आणि खुद्द रावांणीही तेथे उभे राहून पाणी पिऊ नये. रावांणी दोन्ही हुकूम शिरसावंद्य केले.

पुढे वैशाख वद्य पंचमी, मंदवारी, भर दुपारी गनिमाने आभाळातून घाला घातला. गच्चीवर टाकी भरावयास मोटार लावून वरचे मजल्याचे हिम्मतराव निद्रिस्त जाहले, आणि टाकी वाहून धबधबा थेट गॅलरीवर आला. ताई छत्री उघडून उरलेल्या चार कुंड्यांवर वाकून उभ्या ठाकल्या, आणि राव जिने चढत मोटार बंद करावयास धावले. परतोन पाहती तों कुंड्या कोरड्या आणि ताई नखशिखांत भिजलेल्या. रावांणी पंचा पुढे केला, तों ताईंणी तो घेऊन अगोदर एका पानावरचा थेंब टिपिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपले पक्षाकडील छत्रीच्या तीन काड्या कामास आल्या आणि ताईंस पडसे जाहले. हिम्मतराव शरण आले, त्यांस अभय मिळाले. मात्र गॅलरीत बसवून चहा दिला तो निव्वळ दुधाचा, आंत पाण्याचा थेंब नाही.