आधार जोडा

आमच्या गल्लीत देसले सरांसमोर कुणी 'आज ऊन फार आहे' असंसुद्धा म्हणत नाही. म्हटलं की सर चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "कशाच्या आधारे?" भाजीवाली 'वांगी रनाळ्याची' म्हणाली, तर "स्वतः पाहिलं, की कुणी सांगितलं?" ती आता त्यांच्या दारावरून मुकाट्याने जाते. सर कॉलेजातून निवृत्त झाले, खोड नाही झाली.

मी नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी. पोती वाहता वाहता स्वतःची पथारी उभी केली. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. भाव करताना मी कुणाला हार जात नाही, तरी बाजारात मला मागून 'दहावी' म्हणतात, कारण माझं शिक्षण तिथंच थांबलं. म्हणून पन्नाशीत, आधी पूर्वतयारीची परीक्षा देऊन, मुक्त विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. तिथे मोबाईलवर लेखी चर्चा असते. आपलं टिपण मान्य झालं तरच परीक्षेला बसता येतं, नाहीतर वर्ष गेलं. आणि मान्य करणारे समन्वयक कोण, तर समोरच्या घरातले देसले सर.

मी लिहिलं, मिरची पुरती वाळली का हे ती हलवून, आतल्या बियांच्या आवाजावरून कळतं. खाली सरांचा शेरा आला, 'आधार जोडा.'

मी जोडला. आधार कार्डाचा फोटो, पुढून आणि मागून.

सगळ्या वर्गाने पाहिला. तळोद्याच्या एका मास्तरीणबाईंनी खाली लिहिलं, 'पॅन कार्डही लागेल का?' सरांनी फोटो काढून टाकला, पण तोवर गोष्ट बाजारात पोचली होती. "काय दहावी, मिरचीचं कार्ड निघालं का?" माझा तो राग अजून उतरलेला नाही.

शेवटच्या दिवशी, संध्याकाळी चर्चा बंद व्हायच्या जरा आधी, मी सरांच्या ओट्यावर चढलो. रागात तोंडातून घरची अहिराणीच निघाली.

"सर, मिरची मी इकस, आवाज मी ऐकस. आधार मीच शे."

"मग 'माझा अनुभव' असं लिहा. पण ही खूण तुम्हाला सुचली, की कुणी सांगितली?"

"मायनी."

"तिचं नाव, गाव, कधी सांगितलं, ते टाका. दुसरा परिच्छेद कुठून आणला?"

"इंटरनेटवरून."

"हे गावाचं नाव झालं. घर कुठलं? लेखक कोण, लेख कोणता, दुवा काय, तुम्ही कधी पाहिला? आणि तिसरा मुद्दा त्या मास्तरीणबाईंच्या उत्तरातला आहे. त्यांचं नाव घ्या."

"मला पॅन कार्ड विचारणारीचं?"

"तिचंच."

"सर, माय आणि तो दुवा, दोन घ्या आणि मिटवा."

"आधाराचा भाव होत नाही, गोकुळभाऊ."

माझी कानशिलं तापली होती, पण वेळ सरत होता. मायला फोन लावला, आवाज मोठा ठेवला. "माय, मिरचीना आवाजनं तुले कोनी सांगं व्हतं?"

"मन्ही सासूनी. तुले आते कसाले जोयजे? जेवना का?"

सरांचा चेहरा फुलला. "म्हणजे मूळ स्रोत तुमची आजी! आजीने आईला सांगितलेलं, आईने आज फोनवर सांगितलेलं, असं लिहा."

लिहिलं. दात खाऊन मास्तरीणबाईंचंही नाव लिहिलं. चर्चा बंद होता होता सरांनी खाली 'मान्य' असं टाकलं.

मग ते आत गेले आणि चहा करून आले. एकटेच राहतात. घोट घेतला, तर चहात गवती चहा आणि वर मीठ.

"मीठ?"

"चव खुलते."

मला हिशेब चुकता करायचा होताच. "आधार?"

"शालिनी देसले," ते लगेच म्हणाले. "माझी पत्नी. तोंडी माहिती, याच स्वयंपाकघरात."

"तारीख?"

सरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"नोंदवायची राहिली," ते म्हणाले. "तेव्हा काय, घरातच होती. वाटलं, विचारू कधीही."

मिठाचा चहा मला मुळीच आवडला नव्हता. मी रिकामा कप पुढे केला आणि म्हटलं, "सर, अजून अर्धा द्या."